ठेवणीतला पाय

सिस्टर,

परवा तुमची शोकसभा झाली, कारखान्याच्या सभागृहात. तुम्हाला हार आवडत नसत, म्हणून एकच घातला. पण तो एवढा मोठा की दोन माणसांनी धरून आणला आणि फोटोत तुमचा नुसता चष्मा तेवढा उरला. भाषणं झाली. धाकटे चेअरमन बोलायला उठले. चांगलं बोलत होते. बोलता बोलता म्हणाले, "सिस्टरसुद्धा शेवटी माणूसच. सुरुवातीला त्यांचंही माप चुकलं होतं. आपल्या ह्याच कारखान्यात, मोळीच्या समारंभात, त्यांनी माप घेतलेल्या पायानं दगा दिला आणि बाई समद्यांसमोर पडली. पण सिस्टर खचल्या न्हाईत. चुकीतून शिकल्या."

पुढच्या दोन रांगांत नर्सिंगच्या पोरी बसल्या होत्या. त्या वहीत लिहून घेत होत्या. माझ्या शेजारच्या पोरीची वही मला दिसत होती. 'सुरुवातीला माप चुकलं' असं तिनं छान अक्षरात लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

सिस्टर, पडलेली बाई मी. माप चुकलं नव्हतं, हे अख्ख्या जिल्ह्यात दोघींनाच ठाऊक होतं. त्यातल्या एकीवर हार चढला होता, आणि दुसरी चाळीस वर्षं गप्प बसून होती.

त्या पडलेल्या बाईला आज मी रस्त्यात भेटले असते तर ओळखसुद्धा दिली नसती. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावाजवळ तलावाचं काम निघालं, तेव्हा ती नवी सून होती. हातापायानं धड आणि नाव सुंद्रा. आईबापानं तोंड बघूनच नाव ठेवलंय अशी तिची खात्री. बाकीच्या बाया डोक्यावर मातीची पाटी घेऊन खाली बघून चालायच्या, ही मान वर करून. मान वर होती म्हणून बांधावरून घरंगळत आलेला दगड दिसला नाही. तो डाव्या पायावर आला.

पाय सुजला. हळद-चुना चोपडला आणि दुसऱ्या दिवशी परत कामावर, कारण हजेरीत नाव राहिलं पाहिजे. सुजलेल्या बोटात जोडवं रुतलं. कामावरची एक म्हातारी म्हणाली, "आगं, सोनाराकडं जा आन कापून घे ते."

मी म्हणाले, "नवरा जिता असताना जोडवं कापू? तुमचं काय जातंय सांगायला!"

आठ दिवस मी ते जोडवं राखलं. नवव्या दिवशी बोटं काळी पडली आणि सरकारी दवाखान्यात गुडघ्याखाली पाय काढावा लागला. जोडवं त्याच पायासोबत गेलं. एवढं डोकं आमच्या घराण्यात दुसऱ्या कुणी चालवलं नाही.

शुद्धीवर आले तेव्हा खाटेशी तुम्ही उभ्या होतात. मी पहिला प्रश्न विचारला, "माझं जोडवं कुठं हाय?" पुढं तुम्ही सगळ्यांना सांगायचात, पाय कुठं गेला विचारणारे खूप बघितले, जोडव्याची चौकशी करणारी एकच. तुम्ही मिरजेकडच्या, नुकत्याच बदलून आलेल्या. "का ग रडतेस?" म्हणालात. मी म्हणाले, "कावून नको रडू?" तुम्हाला काही कळलं नाही. तुम्ही शेजारच्या खाटेवरच्या बाईला विचारलंत, "ही काय म्हणते?" ती म्हणाली, "का नको रडू, म्हनती." मला रडता रडता हसू आलं. एवढी शिकलेली बाई आणि हिला साधं 'कावून' कळत नाही.

मग तुम्ही माझ्या पायाखालची उशी ओढून काढलीत. मी ओरडले. "उशीवर ठेवलास तर गुडघा वाकडा राहील. मग पुढं पाय बसणार नाही," तुम्ही म्हणालात.

"पुढं कसला पाय बसतोय, बाई? झाडाला फांदी फुटती तसा फुटंल का?"

"फुटेल. तू उशी तर सोड."

थोटा पाय म्हणायची तुमच्यासमोर बंदी होती. उरलेला पाय म्हणायचं. "गेलेल्याला कशाला हाका मारता? जो राहिलाय त्याला शिकवा." पट्टी आठच्या आकड्यात कशी बांधायची, खरखरीत फडक्यानं उरलेला पाय रोज कसा घासायचा, नसलेल्या अंगठ्याला खाज सुटली की घाबरायचं नाही, हे सगळं मी तुमच्याकडून त्या खाटेवर शिकले. घरी गेले तेव्हा मला वाटलं, आता ही बाई कुठली भेटतेय. महिन्याभरानं तुम्ही एसटीतून उतरून फुफाट्यातून चालत आमच्या दारात. हातात पट्ट्यांची पिशवी. सासूबाई म्हणाल्या, "दवाखाना घरी आला का?" तुम्ही म्हणालात, "हो, माणसं येत नाहीत म्हणून."

तसंच तुम्ही सगळ्यांच्या दारात गेलात. रजा तुमची, तिकीट तुमचं. आणि मग युसूफ वडगावच्या बाजाराच्या दिवशी, एका मोठ्या लिंबाच्या झाडाशेजारच्या ओसरीवर, तुमची शाळा सुरू झाली. माणसं बाजारासाठी येतातच, त्यातला तासभर मला द्या, असा तुमचा हिशेब. कुणाचा हात ऊसगाडीत गेलेला, कुणाचा पाय मळणीत, कुणाची साखर वाढून बोटं काढलेली. सोबत आलेल्या नातेवाइकांनी गळा काढला की तुम्ही बोट दाखवायचात: "रडायचं असेल तर लिंबाखाली. इथं चालायचं." मला मात्र आत बसून वात्रटपणा करायची परवानगी होती. नवा माणूस आला की तुम्हीच मला डोळ्यानं खुणवायचात. मी त्याला माझ्या जोडव्याची गोष्ट सांगायची, तो हसायचा, आणि तो हसला की तुम्ही पट्टी सोडायला घ्यायचात.

शाळा दहाएक वर्षं चालल्यावर दगडू तिथंच आला. ऊसतोडीला गेला असताना भरलेल्या गाडीच्या चाकाखाली त्याचा उजवा हात गेला होता. आठ मैल चालत यायचा आणि सतरंजीच्या कडेला बसून डाव्या हातानं आकडे गिरवायचा. कशाला, विचारलं तर म्हणायचा, "कारखान्याच्या वजनकाट्यावर टोकन द्यायचं काम एका हातानं बी व्हतंय. सिस्टर बोलल्यात चेअरमनसायबाशी." बोलला होतात तुम्ही. दोन हंगाम तुम्ही चेअरमनसाहेबांच्या, म्हणजे धाकट्यांच्या वडलांच्या, मागं लागला होतात. कारखान्याच्या आवारात एक खोली द्या. ऊसतोडीच्या टोळीतल्या माणसाला लागलं तर त्यानं मुकादमाला शोधत न फिरता थेट तिथं यावं. हातपाय गेलेल्यांची शाळा तिथं भरावी. आणि बसून करता येतील अशी सहा कामं ह्या माणसांना द्यावीत. सहापैकी एकावर दगडूचं नाव होतं.

त्याच सुमाराला शहरातून पाय बनवणारे लोक चार दिवसांसाठी आले. जयपूरचा पाय. माझं माप तुम्ही स्वतः घेतलंत, तीनदा, आणि कागदावर दोनदा लिहिलंत. पाय बसला तेव्हा मी ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. तुम्ही लिंबाखाली जाऊन उभ्या राहिलात. मला वाटलं, पाणी प्यायला गेल्या असतील.

"हा पाय चिखलात चालायला केलाय," तुम्ही निक्षून सांगितलंत. "रोज घालायचा. आधी तासभर, मग दोन तास, मग दिवसभर. कातडी घट्ट व्हायला हवी, मांडीत जोर यायला हवा. घातला नाहीस तर उरलेला पाय बदलत जाईल आणि हा बसायचा नाही. कळलं?"

"कळलं," मी म्हणाले. कळलंही होतं.

घरी आले तर सासूबाईंनी पाट मांडला. पायाला हळदकुंकू वाहिलं, ओवाळलं. वाड्यावस्त्यांवरून बाया बघायला आल्या, जसं नव्या नवरीला बघतात. एकीनं अंगठा दाबून पाहिला. मी नवं जोडवं आणून त्या रबरी बोटाला दोऱ्यानं बांधलं, म्हणजे शोभा पूर्ण. महिनाभर मी रोज घातला. मग सासूबाई म्हणाल्या, "सुंद्रे, रोजच्यानं झिजंल की गं. पुन्यांदा कोण देणार हाय? लगीनकार्याला ठेव."

आता तुम्हाला आमच्या माणसांचं काय सांगू? चांगलं लुगडं असतं ते पेटीत. पाहुण्यांच्या कपबश्या फडताळात, आणि घरची माणसं चहा पितात जर्मलच्या वाटीत. चांगली वस्तू रोज वापरतो तो उधळ्या. पण सगळं सासूबाईंवर ढकलत नाही. मलाही ते पटलंच होतं. रोज पाय घालून शेण काढणारी बाई कोण बघतंय? मी तो पाय माझ्या लग्नाच्या शालूत गुंडाळला, डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि पेटीला कुलूप लावलं. घरात कुबडी. लग्न आलं, बारसं आलं, की पाय बाहेर. चतुर्थीला लिंबागणेशला गेले तेव्हा लुगडं दोन बोटं वर धरून चालले, जोडवं दिसावं म्हणून. देवापेक्षा माझ्याकडंच जास्त बघतायत असं मला वाटत होतं. बघत होते ते मी लंगडत होते म्हणून. पाय तोवर नीट बसेनासा झाला होता. सैल पडला होता. मी आत चिंध्या कोंबायला लागले होते.

आणि दर बाजाराला तुम्ही विचारायचात, "रोज घालतेस ना?"

"घालती की."

"दाखव बघू कातडी."

"आता माणसांत लुगडं वर करू का, सिस्टर? जरा तरी लाज ठेवा माझी." सगळे हसायचे. तुम्हीही हसायचात, आणि पुढच्या माणसाकडं वळायचात. वीस माणसं वाट बघत असायची. माझ्यावर तुमचा भरवसा होता. शाळेतली पहिली पोर ना मी.

मग चेअरमनसाहेबांनी तुम्हाला बोलावून घेतलं. तुम्ही मला सोबत नेलंत. ते म्हणाले, "सिस्टर, तुमचं खरं हाय. पर संचालक मंडळी म्हणत्यात, अशी मानसं यंत्राजवळ नकोत, उगी काही झालं तर नाव कारखान्याचं. तुमी एक करा. औंदाच्या मोळीला ह्या बाईंना गव्हाणीवर चढवून दाखवा. खांद्यावर मोळी घिऊन. सात पायऱ्या हायत. चढल्या की खोली दिली. आन तुमची ती सहा मानसं बी घेतली."

हंगामाच्या पहिल्या दिवशी ऊस टाकायच्या गव्हाणीची पूजा होते, मोठी माणसं वर चढून उसाची पहिली मोळी आत टाकतात. अख्खा तालुका लोटतो. तिथं टोळीतल्या माणसांच्या वतीनं एक मोळी मी टाकायची. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "जमेल?"

तेव्हाच सांगायचं होतं. खोलीत तिघंच होतो. बाहेर आल्यावर तरी. एसटीत आपण शेजारी बसलो होतो, अडीच तास. तुम्ही शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवत होतात आणि खोलीत कपाट कुठं ठेवायचं ते सांगत होतात. मी म्हणाले, "सात काय, सतरा चढंन." वीस दिवस हातात होते. वीस दिवस रोज घातला असता तरी काहीतरी झालं असतं. पण मी त्या वीस दिवसांत काय केलं? शालूला कडक इस्त्री करून आणली.

त्या सकाळी तुम्ही माझा पाय स्वतः बांधायला आला होतात. मी म्हणाले, "मला येतंय की. तुमीच शिकवलंय. तुमी जा, सायबांशी बोला." तुम्ही गेलात. मी आडोशाला बसून उरलेल्या पायाला नेहमीपेक्षा जास्त चिंध्या गुंडाळल्या. भर सभेत सैल पडू नये म्हणून.

तीन पायऱ्या चढले. टाळ्या सुरू झाल्या. टोळीतल्या बाया ओरडत होत्या, "चढ गं सुंद्रे!" दगडू अगदी पुढं उभा होता, धुतलेला सदरा घालून, रिकामी बाही खिशात खोचून. चौथ्या पायरीला आत काहीतरी फाटल्यासारखं झालं. पाचवीला मांडी थरथरायला लागली. सहावीला मी उभी होते का, ते मला आठवत नाही. मोळी सुटली, पाच ऊस खडखडत खाली गेले, त्यांच्या मागून मी. उसाचं एक टिपरू चेअरमनसाहेबांच्या पायाशी जाऊन थांबलं.

ते भले माणूस. पहिल्यांदा म्हणाले, "बाईला लागलं का बघा आधी."

तुम्ही मला ताडपत्रीमागं नेलंत. पाय काढलात. चिंध्यांवर रक्त. तुम्ही एकेक चिंधी काढत गेलात आणि खालून माझी कातडी निघाली, तान्ह्या बाळासारखी मऊ, फोडांनी भरलेली. रोज पाय घालणाऱ्याची कातडी कशी असते ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक! तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी खाली बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच असेल. जखम धुतलीत, मलम लावलंत. मग उठलात आणि बाहेर गेलात.

मला ताडपत्रीतून सगळं ऐकू येत होतं. चेअरमनसाहेब विचारत होते, "काय झालं, सिस्टर?"

"माप माझं चुकलं," तुम्ही म्हणालात. "बाईची चूक नाही. माप मी घेतलं होतं."

कुणीतरी संचालक म्हणाला, "मग सिस्टर, तुमचंच माप चुकतंय तर आमी कशाच्या भरवशावर मानसं घ्यायची?" साहेब म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. म्होरल्या हंगामाला बघू."

सिस्टर, मी तेव्हा ओरडले असते तरी चाललं असतं. मधे एक ताडपत्री होती, भिंत नव्हती. पण मला काय वाटलं ते खरं सांगते, आता कुणाला भ्यायचं? मला सुटल्यासारखं वाटलं. मी मनात म्हणाले, बरं झालं, मी खोटं बोलत होते ते सासूबाईंना कळणार नाही.

पुढचा हंगाम आलाच नाही. पाऊस गेला, ऊस वाळला, कारखाना बंद राहिला. मग बंद-चालू, बंद-चालू. खोली मिळायला सात वर्षं लागली. माझी जखम बरी झाली तशी मी पेटी उघडली, पाय बाहेर काढला, आणि तुम्ही परत माप घेऊन तो नीट करून आणलात. त्या दिवसापासून आजपर्यंत मी तो रोज घातलाय. चार पाय झिजवले. शेणात, चिखलात, ढेकळांत. तुम्ही मला शाळेत मदतीला घेतलंत, वही लिहायला बसवलंत, पुढं पट्ट्या बांधायला लावलंत. एवढी वर्षं दोघींनी मिळून काम केलं, भांडलो किती! मी लुगडं पायघोळ नेसते म्हणून तुम्ही चिडायचात, "झाकतेस कशाला? लोकांना दिसू दे." मी म्हणायची, "तुमचे दोन्ही हायत, तुमाला काय जातंय दाखवायला!" ते भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. पण मोळीचा दिवस कधी निघाला नाही, भांडणातसुद्धा. तुमच्या हातात एवढं मोठं हत्यार होतं आणि तुम्ही ते एकदाही उचललं नाहीत.

दगडू परत आला नाही. दोन बाजार त्याची जागा रिकामी राहिली. तिसऱ्या बाजारी तुम्ही त्याच्या गावाला गेलात, मी सोबत होते. त्याच्या घराला कडी. शेजारीण म्हणाली, "गेला की. भैनीकडं का कुटं. म्हनला, सिस्टरचे पायच टिकत न्हाईत, माझं काय काम व्हणार हाय?" दगडूचा पत्ता नंतर कधी लागला नाही. सतरंजीच्या त्या कडेला मी कुणालाच बसू देत नसे, आणि तुम्ही एकदा म्हणालात, "बसू दे ग. जागा का उपास धरतेय?" तेव्हा तुमच्या तोंडाकडं बघायची मला हिंमत झाली नाही.

तुमचं काम मात्र थांबलं नाही. त्या दुष्काळात गावोगावी टँकर यायला लागले. कुबडीवरच्या माणसानं रांगेत दोन तास कसं उभं राहायचं आणि घागर कशी उचलायची? पाणी नाही म्हणून पायाचे मोजे धुतले जात नव्हते, जखमा चिघळत होत्या. आमच्याच सासूबाई म्हणाल्या होत्या, "प्यायला न्हाई आन पायाला कुटलं?" तुम्ही टँकरच्या नळाला पाठ लावून उभ्या राहिलात. ड्रायव्हर हॉर्न मारतोय, बाया घागरी वाजवतायत, सरपंच म्हणतोय, "ओ सिस्टर, बाजूला व्हा!" तुम्ही म्हणालात, "उरलेल्या हातापायांची माणसं आधी. मग मी बाजूला." आणि त्यात एक शब्द आमचा घातलात, "कावून घाई करता?" बाया हसल्या. रांग मागं सरकली. त्यानंतर आमच्या गावात तो नियमच झाला. असा नियम तुम्ही किती गावांत लावलात, मी सोबत असूनही मला सांगता यायचं नाही.

आणि मी काय करत होते? मी शाळेत 'ठेवणीतला पाय' ही गोष्ट सांगत होते. नवा पाय मिळालेल्या प्रत्येकाला. सासूबाईंची आरती, रबरी बोटाचं जोडवं, शालू, डांबराच्या गोळ्या, लिंबागणेशची मिरवणूक. माणसं पोट धरून हसायची आणि घरी जाऊन पाय रोज घालायची. माझी ती गोष्ट चार तालुक्यांत पोचली. पण ती मी नेहमी लिंबागणेशला थांबवायची. पुढं मोळी आहे, हे कुणाला कळू दिलं नाही. तुम्ही पलीकडं बसून पट्टी गुंडाळत ऐकत असायचात. गोष्ट थांबली की एक क्षण तुमचा हात थांबायचा. मग परत गुंडाळायला लागायचात. तुम्ही वाट बघत होतात का, सिस्टर? मला तेव्हा वाटायचं, पट्टी अडकली असेल.

दिवाळीनंतर माजलगावला तुमच्या भाचीकडं आले होते, तेव्हा ठरवूनच आले होते. तुम्ही खुर्चीत, पायावर शाल. धाप लागत होती, तरी आल्या आल्या विचारलंत, "त्या नव्या पोरीचा मोजा लोकरीचा आहे ना?" मी म्हणाले, "सिस्टर, मला त्या मोळीच्या दिवसाचं बोलायचंय."

तुम्ही हात वर केलात. "त्या दिवशी तुझ्या सासूबाईंनी मला धपाटे बांधून दिले होते. तसे धपाटे पुन्हा नाही खाल्ले मी."

"सिस्टर, ते न्हाई…"

"चहा गार होतोय, सुंद्रा."

मी चहा प्यायले. मला वाटलं, त्यांना नको असेल तर मी कशाला काढू? आणि आतून परत तसंच सुटल्यासारखं वाटलं, ताडपत्रीमागं वाटलं होतं तसं. सत्तरी उलटून गेलेली बाई, आणि अजून दुसऱ्याच्या मोठेपणाआड लपून बसतेय. नातवंडांना मी रोज सांगते, खोटं बोलू नका.

म्हणून परवा, धाकटे चेअरमन 'माप चुकलं' म्हणाले आणि त्या पोरीनं खाली रेघ ओढली, तेव्हा मी उठले. मधेच. म्हणाले, "सायेब, माप बरूबर होतं. म्या पाय पेटीत ठिवला होता."

आणि सभागृह हसलं, सिस्टर. तुमच्या शोकसभेत. त्यांना वाटलं, आजींनी परत ती गोष्ट काढली. धाकटे चेअरमन हसत म्हणाले, "आजी, तुमची ती पेटी आमाला पाठ हाय. बसा, बसा. सिस्टरांना बी लई आवडायची ती गोष्ट." मागून कुणीतरी ओरडलं, "डांबराच्या गोळ्या!" टाळ्या पडल्या. चाळीस वर्षं मी माणसांना हसायला शिकवलं होतं, ती आता मला बोलू देईनात.

मी बसले नाही. हसू ओसरेपर्यंत थांबले. मग लिंबागणेशच्या पुढं गेले. चेअरमनसाहेबांची खोली सांगितली, एसटीतल्या शेंगा सांगितल्या, चिंध्या सांगितल्या. दगडूचं नाव घेतलं. तुम्ही ताडपत्रीबाहेर जाऊन काय म्हणालात ते सांगितलं. माझा आवाज चिरकत होता, शब्द मागंपुढं होत होते. एवढी गोष्टीवेल्हाळ बाई मी, आणि ही एक गोष्ट मला धड सांगता आली नाही. पण कुणी हसलं नाही. धाकटे चेअरमन म्हणाले, "जाऊ द्या आजी, झालं गेलं. सिस्टरांचं मनच मोठं होतं."

मी त्यांच्याकडं नाही बघितलं. नर्सिंगच्या पोरींकडं वळून म्हणाले, "पोरींनो, ती वळ खोडा. माप तीनदा घेतलं होतं, आन तिन्ही येळा बरूबर होतं. आसं लिहा."

पोरींनी खाली माना घातल्या आणि खोडलं. माझ्या शेजारची पोर तेवढी थांबली. आपल्याच भागातली, बोलण्यावरून ओळखू आली. तिनं मान वर केली आणि साधं विचारलं, टोचून नाही, खरंच कळत नसल्यासारखं:

"आजी, मग तवाच कावून न्हाई सांगितलं?"

कुणाच्याही प्रश्नाला माझं उत्तर तयार असतं, अशी तुमची तक्रार होती. सासूबाईंचा धाक म्हणू, लाज म्हणू, अडाणीपणा म्हणू, सगळं तोंडाशी आलं आणि तोंडातच खोटं झालं. तुम्ही असतात तर चटकन मधे पडला असतात. "अग, तिला काय विचारतेस? माप माझंच चुकलं होतं," असं तोंड वर करून पुन्हा सांगितलं असतंत, आणि मीही पुन्हा ते सांगू दिलं असतं. तुम्ही नव्हतात. मी उभीच राहिले, आणि ती पोर पेन उघडं धरून माझ्याकडं बघत राहिली.